वातावरणाची किंमत : पीटर झुमथोर यांच्या वास्तूंविषयी

स्विस वास्तुरचनाकार पीटर झुमथोर यांचे नाव निघाले की दोन शब्द हटकून येतात. एक ‘मिनिमलिस्ट’ आणि दुसरा ‘वातावरण’. पहिला शब्द त्यांना इतरांनी चिकटवला. दुसरा त्यांनी स्वतः घेतला, त्यावर व्याख्यान दिले आणि पुढे त्या व्याख्यानाचे पुस्तकही झाले. या लेखात मला दोन्ही शब्द तपासायचे आहेत. पहिला मला चुकीचा वाटतो. दुसरा बरोबर वाटतो, पण तो फार स्वस्तात वापरला जातो.

आधी माझी मर्यादा सांगतो. मी वास्तुशास्त्राचा पदवीधर नाही. एका बांधकाम कंत्राटदाराच्या कचेरीत आराखड्यांच्या अमोनिया प्रिंट काढता काढता नकाशा वाचायला शिकलो. पुढे साइटवर मोजमापे घेताना नकाशा आणि भिंत यांच्यात किती अंतर पडते तेही कळले. बाकीचा अभ्यास ग्रंथालयांतला आणि रद्दीच्या दुकानांतला. झुमथोर यांच्या वास्तूंपैकी प्रत्यक्ष पाहिल्या त्या दोनच, जर्मनीत भाच्याकडे गेलो होतो तेव्हा. उरलेल्या मी आराखडे, छेद आणि छायाचित्रे यांतूनच ओळखतो. ज्या माणसाच्या कामाचे मर्मच ‘तिथे जाऊन उभे राहणे’ हे आहे, त्याच्याबद्दल लिहिताना ही मर्यादा लहान नाही. म्हणून पाहिलेले आणि वाचलेले यांची सरमिसळ होऊ न देण्याचा प्रयत्न केला आहे.

सुताराचा मुलगा

झुमथोर यांचा जन्म १९४३ सालचा, बाझेल शहरातला. वडील फर्निचर बनवणारे सुतार. मुलानेही आधी त्याच कामाची उमेदवारी केली, मग बाझेलच्या कलाशाळेत आणि न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण घेतले. १९६८ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी ग्राउब्युन्डेन या डोंगराळ प्रांताच्या स्मारक-जतन खात्यात काम केले. जुनी घरे मोजणे, त्यांची नोंद करणे, दुरुस्ती सुचवणे असे ते काम. १९७९ मध्ये हाल्डेनस्टाइन या खेड्यात त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले. जगभर नाव झाले, २००९ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळाले, तरी कार्यालय त्याच खेड्यात आणि लहानच राहिले.

या चरित्रातली मधली दहा वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. नव्या इमारतींची स्वप्ने पाहण्याच्या वयात हा माणूस दुसऱ्यांनी, बहुधा अनामिक कारागिरांनी, बांधलेल्या भिंती मोजत होता. जुनी भिंत मोजणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. भिंत कुठे थकते, पाणी कुठून शिरते आणि दोन वस्तू जिथे भेटतात तिथेच सगळा प्रश्न असतो. झुमथोर यांच्या पुढच्या कामात सांध्याला जे महत्त्व आले, त्याची मुळे मला सुतारकामात आणि या मोजमापांत दिसतात.

१९८४ मध्ये सुमवित्ग या गावातले जुने चॅपेल हिमलोटात गेले. त्याच्या जागी झुमथोर यांनी बांधलेले संत बेनेडिक्ट चॅपेल १९८८ मध्ये पूर्ण झाले. पानाच्या किंवा थेंबाच्या आकाराचा तळ आणि बाहेरून लाकडाच्या छोट्या खपल्यांचे आवरण. भोवतालच्या घरांवर अशाच खपल्या असतात. उन्हाच्या बाजूला लाकूड काळपटते, सावलीच्या बाजूला ते राखाडी होते. इमारतीचा रंग ठरवण्याचे काम हवेवर सोपवले आहे. छायाचित्रात हे चॅपेल अगदी साधे दिसते. पण वक्र भिंतीवर सपाट खपल्या बसवायच्या म्हणजे काय, हे ज्याने एकदा गोल बुरुजाला फळ्या मारल्या आहेत त्याला विचारावे.

दगडाचा हिशोब

वाल्स येथील स्नानगृह ही झुमथोर यांची सर्वांत प्रसिद्ध वास्तू. ते १९९६ मध्ये खुले झाले आणि दोनच वर्षांत त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. त्यामागची हकीकत सहसा तळटीपेत जाते, पण ती मुख्य मजकुरात यायला हवी. साधारण हजार वस्तीचे हे खेडे. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर साठच्या दशकात उभारलेले हॉटेल बुडाले, तेव्हा १९८३ मध्ये गावाने ते विकत घेतले. नवे स्नानगृह बांधायचे ठरवले तेही गावानेच. म्हणजे या वास्तूचे यजमान ग्रामस्थ होते.

भिंतींसाठी दगड गावच्याच खाणीतला, क्वार्टझाइट जातीचा. त्याच्या सुमारे ६० हजार लाद्या कापून एकावर एक रचल्या. लाद्यांची जाडी तीन प्रकारची आहे : ३१, ४७ आणि ६३ मिलिमीटर. तिन्हींची बेरीज होते १४१. त्यात तीन दरजा धरल्या की बरोबर १५ सेंटिमीटर. त्यामुळे तिन्ही थर कोणत्याही क्रमाने रचले तरी दर १५ सेंटिमीटरवर सगळ्या भिंतींची पातळी जुळते. पायऱ्या, उंबरे, पाण्याची कड यांना याच मापाचा आधार मिळतो. पाहणाऱ्याला भिंत अनियमित दिसते, डोंगराच्या थरांसारखी; गवंड्याच्या हातात मात्र काटेकोर हिशोब असतो.

हा हिशोब समजला तेव्हा मी ‘मिनिमलिस्ट’ हा शब्द बाजूला ठेवला. किमानवाद म्हणजे कमी करत जाणे. इथे काहीच कमी केलेले नाही. गिलावा नाही, रंग नाही, नक्षी नाही हे खरे. पण त्यामुळेच लपवायला जागा उरत नाही आणि प्रत्येक दरज हेच अंतिम काम ठरते. आमच्या साइटवर गवंडी एकमेकांना धीर देत, ‘वर गिलावा येणारच आहे.’ ज्या भिंतीवर गिलावा येणार नाही तिला लागणारे श्रम कमी नसतात, कितीतरी जास्त असतात. झुमथोर यांच्या वास्तू दिसायला मोजक्या आहेत आणि घडणीत दाट आहेत.

हॅनोवरच्या २००० सालच्या जागतिक प्रदर्शनातला स्विस मंडप हेच वेगळ्या रीतीने दाखवतो. वखारीत ओले लाकूड सुकायला घालताना ओंडक्यांच्या फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून रचतात, हवा खेळती राहावी म्हणून. झुमथोर यांनी संपूर्ण मंडप तसाच रचला. खिळा नाही, सरस नाही. पोलादी सळ्यांच्या ताणाने थप्प्या आवळून धरलेल्या. लाकूड सुकेल तसे आकसणार, म्हणून ताण धरायला स्प्रिंगांची योजना. प्रदर्शन संपल्यावर मंडप उतरवला आणि सुकलेले लाकूड विकले. वखारीतली थप्पी काही महिने वास्तू झाली आणि पुन्हा लाकूड झाली.

‘वातावरण’ म्हणजे नेमके काय

२००३ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात झुमथोर यांनी आपण वातावरण कसे घडवतो याची फोड केली. त्यांनी नऊ गोष्टी मोजल्या. त्यांत वास्तूचे शरीर, साहित्यांचा परस्पर मेळ, जागेचा आवाज, जागेचे तापमान, भोवतीच्या वस्तू, आत-बाहेरचा ताण, जवळिकीच्या पायऱ्या आणि वस्तूंवर पडणारा उजेड अशा बाबी येतात. यादी वाचताना लक्षात येते की यातली एकही गोष्ट गूढ नाही. तापमान मोजता येते, आवाजाचा घुमारा मोजता येतो, कोणते साहित्य कोणाशेजारी शोभते हे करून पाहता येते. वाल्सच्या स्नानगृहात ४२ अंशांचे कुंड आहे आणि १४ अंशांचेही. एकातून दुसऱ्यात जाणाऱ्याच्या अंगावर येणारा काटा हा त्या वास्तूच्या रचनेचा भाग आहे.

म्हणून ‘वातावरणनिर्मिती’ या शब्दाशी याची गल्लत होऊ नये. ती आपल्याला नाटकाच्या रंगमंचावरून माहीत आहे : निळा दिवा, थोडा धूर, बासरी. तिथे परिणाम आधी ठरतो आणि साधने नंतर येतात. झुमथोर यांच्याकडे मला क्रम उलटा दिसतो. दगड कोणता, तो किती जाड, पाणी किती गरम, ओल कुठे साचणार हे आधी ठरते. मग जे उरते, जे घडते, त्याला ते वातावरण म्हणतात.

वाखेनडॉर्फचे शेत

आता मी पाहिलेल्या वास्तूंकडे येतो. कोलोनच्या नैर्ऋत्येस, आयफेल भागात, वाखेनडॉर्फ गावाबाहेर शेताच्या मधोमध ब्रूडर क्लाउस चॅपेल आहे. तिथल्या एका शेतकरी जोडप्याला, आयुष्य चांगले गेले म्हणून कृतज्ञतेपोटी, पंधराव्या शतकातल्या निकलाउस फॉन फ्ल्यूए या स्विस विरक्त संताच्या नावाने चॅपेल बांधायचे होते. हा संत झुमथोर यांच्या आईच्याही श्रद्धेतला. काम २००७ मध्ये पूर्ण झाले.

बांधण्याची रीत सांगण्यासारखी आहे. आधी ११२ झाडांची खोडे तंबूसारखी तिरकी उभी केली. त्यांच्याभोवती १२ मीटर उंचीपर्यंत काँक्रीटचे थर घातले, प्रत्येक थर अर्ध्या मीटरचा, एका दिवसात एकच थर, असे एकूण २४. काँक्रीट ओतून व्हायब्रेटर लावलेला नाही; ते जवळजवळ कोरडे, चोपून बसवलेले. आपल्याकडे धुम्मसाने चोपून कोबा करत त्याच जातीचे हे काम. हात लावले ते शेतकरी कुटुंबाने आणि त्यांच्या ओळखीच्या माणसांनी. मग आत सुमारे तीन आठवडे धुमसता विस्तव ठेवला. खोडे सुकली, आकसली, काँक्रीटपासून सुटली आणि काढून घेता आली. त्यांचे वळ आणि काजळी तेवढी भिंतीवर राहिली. जमिनीवर वितळवलेले शिसे हाताने ओतले.

बाहेरून शटरिंग धरून ठेवणाऱ्या टायची भोके भिंतीत आरपार राहतात. आमच्याकडे ती भोके म्हणजे दोष. मसाला भरून बुजवायची आणि वरून हात फिरवायचा. इथे अशा सुमारे साडेतीनशे भोकांत काचेचे गोळे बसवले आहेत. काळ्या भिंतीत ते ठिपक्यांसारखे चमकतात. बांधकामाची खूण लपवायची नाही आणि ती उगाच मिरवायचीही नाही, तिला एक काम द्यायचे, ही रीत मला तिथे उभे असताना कळली. पुस्तकात वाचून कळली नव्हती.

आम्ही गेलो त्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. गाडी दूर ठेवून शेतातल्या वाटेने चालत जावे लागते. त्रिकोणी पोलादी दार जड आहे. आत वाट वळते, अंधार होतो आणि मग वर आभाळाचा उघडा तुकडा दिसतो. छताला काच नाही. शिशाच्या जमिनीवरच्या खोलगट भागात पाणी साचले होते आणि त्यात तोच आभाळाचा तुकडा पडला होता. जळक्या लाकडाचा पुसट वास आल्यासारखे वाटले. तो खरोखर होता की आधी वाचल्यामुळे आला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मराठी माणसाला तिथे गाभारा आठवतो. मलाही आठवला आणि भाच्याला मी तसे बोललोही. नंतर विचार केला तेव्हा ही तुलना सैल वाटली. गाभाऱ्यातला अंधार मूर्तीसाठी असतो. आपण समईच्या उजेडात मूर्ती शोधतो आणि दर्शन झाले की बाहेर पडतो. इथे ब्राँझचे एक लहानसे शिर आहे, चक्राची खूण आहे, पण नजर त्यांच्यावर ठरत नाही. ती वर जाते. गाभाऱ्यावर शिखर असते आणि तो आतून बंद असतो. हे छत पावसाला उघडे आहे. साम्य अंधाराचे आहे, हेतूचे नाही.

कोलोनमधला आक्षेप

दुसरी पाहिलेली वास्तू कोलोन शहरातले कोलुम्बा संग्रहालय, हेही २००७ चेच. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत संत कोलुम्बाचे जुने चर्च पडले. भग्नावशेषांत मेरीची मूर्ती वाचली. तिच्यासाठी गॉटफ्रीड ब्योम यांनी १९५० च्या सुमारास तिथे एक लहान अष्टकोनी चॅपेल बांधले. पुढे उत्खननात रोमन काळापर्यंतचे पाये सापडले. झुमथोर यांनी हे सगळे, अवशेष आणि ब्योम यांचे चॅपेलसुद्धा, एका नव्या भिंतीच्या पोटात घेतले. नवी राखाडी वीट थेट जुन्या तुटक्या भिंतीवर चढते. वीट लांब आणि बुटकी, खास या कामासाठी डेन्मार्कमध्ये भाजलेली. भिंतीच्या एका पट्ट्यात विटांमध्ये फटी ठेवल्या आहेत; त्यांतून उजेड आणि रस्त्याचा आवाज गाळून आत येतो. अवशेषांवरून लाल लाकडाचा नागमोडी पूल जातो.

वरच्या दालनांत कलाकृतींशेजारी नावाच्या पाट्या नाहीत. हातात एक पुस्तिका देतात. तासभर मी कोणत्याही वस्तूचे शतक न जाणता हिंडलो आणि ते बरे वाटले.

तरी एक आक्षेप नोंदवतो. ब्योम यांचे चॅपेल युद्धानंतरच्या राखेत उघड्यावर उभे होते. त्याच्या रंगीत काचांवर थेट दिवसाचा प्रकाश पडत असे. आता ते दुसऱ्या इमारतीच्या आत आहे आणि त्याच्या वाट्याला गाळलेला उजेड येतो. आत बसल्यावर मला ते चॅपेल जतन केलेले वाटले आणि थोडे कोंडलेलेही. झुमथोर यांचे वातावरण इतके समर्थ आहे की ते शेजाऱ्याचे वातावरण गिळते. स्मारक-जतनात दहा वर्षे काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे, याची नोंद त्यांच्या चाहत्यांनीही घ्यायला हवी.

जिथे जमले नाही

झुमथोर यांच्याविषयीच्या गौरवलेखनात बर्लिनचा उल्लेख ओझरता येतो. गेस्टापो आणि एसएस यांची मुख्यालये जिथे होती त्या जागेवर ‘टोपोग्राफी ऑफ टेरर’ या दस्तऐवज केंद्राची स्पर्धा त्यांनी १९९३ मध्ये जिंकली. काँक्रीटच्या बारीक दांड्यांचा सांगाडा आणि मधल्या फटींत काच, अशी रचना. काम सुरू झाले, खर्च वाढत गेला, काम थांबले. वर्षानुवर्षे जिन्यांचे मनोरे तेवढे उभे राहिले आणि २००४ मध्ये तेही पाडले. आज तिथे उर्सुला विल्म्स यांची २०१० मध्ये उघडलेली साधी, बसकी इमारत आहे.

या अपयशाचे खापर सरकारच्या कंजूषपणावर फोडणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्या जागेवर सर्वांत मोठे काम होते कागद दाखवण्याचे : कोणी हुकूम दिला, कोणी सही केली. अशा जागी वातावरणाने पुराव्याच्या पुढे उभे राहू नये. आणि झुमथोर यांना हे कळत नाही असेही नाही. नॉर्वेच्या उत्तर टोकाला वार्डो येथे त्यांनी २०११ मध्ये स्टाइल्नेसेट स्मारक केले. सतराव्या शतकात चेटुकाच्या आरोपाखाली मारल्या गेलेल्या ९१ जणांचे ते स्मारक. लाकडी सांगाड्याला टांगलेला कापडाचा लांबच लांब बोळ, त्यात ९१ लहान खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा आणि शेजारी त्या व्यक्तीची हकीकत. बाजूच्या काचेच्या दालनात लुईज बुर्ज्वा यांची जळती खुर्ची आहे. इथे नाव आणि आरोप वाचायला मिळतात, आणि वाचताना समुद्राचा वारा कापड हलवतो. पुरावा आणि वातावरण एकमेकांच्या आड येत नाहीत. मी ते पाहिलेले नाही. पण आराखड्यावरून एवढे नक्की म्हणता येते की एका माणसामागे एक खिडकी हा हिशोब बर्लिनच्या कोणत्याही सांगाड्यापेक्षा जास्त बोलतो.

लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयासाठी त्यांनी केलेल्या नव्या इमारतीचा वाद याच जातीचा आहे. २०२० मध्ये जुन्या चार इमारती पाडल्या आणि त्यांच्या जागी विल्शर बुलेवार्ड ओलांडून जाणारी, खांबांवर उचललेली, एकाच मजल्यावर सगळी दालने असलेली प्रचंड काँक्रीटची वास्तू ठरली. इतका खर्च करून प्रदर्शनाची जागा वाढत तर नाहीच, उलट घटते, असा टीकाकारांचा मुख्य आक्षेप राहिला. माझा प्रश्न वेगळा आहे. दरज दरज मोजणारी रीत एवढ्या आकाराला झेपते का? वाखेनडॉर्फला एका दिवसात एक थर घालता आला, कारण थांबायला तयार असलेले यजमान होते.

आणि वाल्सचे पुढे काय झाले? २०१२ मध्ये त्याच गावाने मतदान करून हॉटेल आणि स्नानगृह एका गुंतवणूकदाराला विकले. झुमथोर ज्या गटाच्या बाजूने होते तो हरला. तीन वर्षांनी त्याच आवारात ३८१ मीटर उंचीच्या हॉटेल-मनोऱ्याचा आराखडा जाहीर झाला. तो उभा राहिलेला नाही. पण गावच्या खाणीतला दगड, गावाचा पैसा आणि गावाचा धीर यांतून उभ्या राहिलेल्या वास्तूने गावाला जगप्रसिद्ध केले आणि त्या प्रसिद्धीचा भाव गावाबाहेर ठरू लागला. गावकऱ्यांना दोष देणे मला जमत नाही. हॉटेल चालवणे हा रोजचा व्यवहार आहे.

शेवटी

संथपणे बांधणे ही श्रीमंत देशाची चैन आहे, असे कोणी म्हणेल. अर्धे खरे आहे. वाल्सच्या लाद्या कापायला यंत्रे आणि पैसा लागला. पण वाखेनडॉर्फच्या भिंतीत स्थानिक वाळू-खडी, जंगलातली खोडे, विस्तव आणि माणसांचे हात याहून फारसे काही नाही. महाग आहे तो वेळ, आणि तो देणारा यजमान.

आपल्याकडे आता घरांच्या जाहिरातींत उघडे काँक्रीट, अंधारी खोली आणि वरून येणारी उजेडाची तिरीप दिसू लागली आहे. त्याखाली ‘झुमथोर शैली’ असे लिहिलेलेही मी वाचले आहे. त्याबद्दल माझी तक्रार एवढीच की शैली म्हणून उचलायला तिथे काही नाही. उचलता येण्यासारखी गोष्ट ३१, ४७ आणि ६३ च्या बेरजेत आहे. नकाशा काढणाऱ्याने दरजेची जाडी धरली होती का आणि भिंत बांधणाऱ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू दिले होते का, हे विचारावे. त्याचे उत्तर कोणत्याही भिंतीजवळ गेले की डोळ्यांच्या उंचीवरच्या दरजेत मिळते. त्यासाठी स्वित्झर्लंडला जायची गरज नाही.